पहिल्या नाइट ड्यूटीआधी: प्लाझ्माचं उलटं गणित

घाबरू नकोस. कोणता रक्तगट कोणाला चालतो, हे लाल पेशींचं गणित प्लाझ्मात (पेशी वगळून रक्तातला उरलेला द्रव) उलटं होतं, एवढं आधी डोक्यात बसव. नवे लोक इथेच फसतात: ‘ओ सगळ्यांना चालतो’ म्हणून ओ गटाचा प्लाझ्मा मागवतात. त्यात अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी गटाच्या लाल पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी) दोन्ही असतात. तो फक्त ओ गटाच्याच रुग्णाला. रुग्णाचा गट माहीत नसेल तर एबी; त्यात दोन्ही नसतात.

अमेरिकेत अनेक ट्रॉमा सेंटरांत अशा वेळी ए गटाचा प्लाझ्माही देतात. त्यातली अँटी-बी बाधते ती बी आणि एबी गटवाल्यांना, आणि तिथे ते मिळून जेमतेम १५ टक्के. आपल्याकडे बी गटवाले भरपूर, त्यामुळे ती सवय डोळे झाकून उचलू नकोस.

बाकी दोनच गोष्टी:
- गट तपासायला रुग्णाच्या रक्ताचं सॅम्पल घे, तेही पिशवी लावण्याआधी.
- गोठलेली पिशवी गरम नळाखाली धरू नकोस; ३७ अंशांचा वॉटर बाथ आहे ना!

आरएचचं (पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं) नंतर, चहा घेताना सांगतो.