न झालेली शस्त्रक्रिया आईच्या नावावर

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी गावातील मोफत नेत्रतपासणी शिबिरात माझ्या आईचे (वय ६२) आधार कार्ड व रेशनकार्ड घेऊन यंत्रावर अंगठा लावून घेतला. आता मोबाईलवर संदेश आला आहे की, आयुष्मान कार्डावर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया होऊन तिला घरी सोडले. रुग्णालयाचे व्यवस्थापक म्हणतात, ‘पैसे सरकारचे, मावशींचे काय गेले? या कागदावर अंगठा द्या, विषय मिटवू.’ द्यावा का?

उत्तर : मुळीच देऊ नये. तो कागद बहुधा उपचार मिळाल्याची पोच असेल, आणि त्यावर अंगठा उमटला की आज फसवल्या गेलेल्या आपल्या मातोश्रींवर उद्या संगनमताचा आरोप येऊ शकतो. काही गेले नाही, हेही खोटे आहे : आयुष्मान योजनेचे वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण साऱ्या कुटुंबाचे एकत्रित असल्याने हे बिल घरातील प्रत्येकाच्या वाट्यातून वजा होते, शिवाय पुढे त्यांच्या पोटात दुखले, तर ही नोंद वाचणारा डॉक्टर पित्ताशयाचा विचारच करणार नाही.

पुरावा सुदैवाने त्यांच्या पोटातच आहे. सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी करून पित्ताशय जागेवर असल्याचा अहवाल घ्यावा. मग संबंधित रुग्णालयाकडे केसपेपर, संमतिपत्र, शस्त्रक्रियेची टिपणे व डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती लेखी अर्जाने मागून अर्जाची पोच घ्यावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात, आणि सरकारकडे बिल लावताना ज्यांनी आपल्या आईला रुग्ण म्हटले, त्यांनी आता ‘या आमच्या रुग्णच नव्हेत’ म्हटले, तर ती आपल्याला हवी असलेली कबुलीच होईल!

योजनेच्या १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा; पण तेवढ्यावर थांबू नये. भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८(४) (फसवणूक), ३१९ (तोतयेगिरी) व ३३६ (बनावट दस्तऐवज) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी (ओळखीची चोरी, ३ वर्षांपर्यंत कैद) यांखाली पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. ठाणे अंमलदाराने टाळाटाळ केल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे आणि तरीही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

या सगळ्याआधी, आजच, एक काम उरकावे. आधारच्या संकेतस्थळावर प्रमाणीकरणाच्या नोंदी सहाच महिने मागे पाहता येतात. अंगठा कोणत्या दिवशी, किती वाजता वापरला गेला हे सांगणाऱ्या त्या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि लगेच मातोश्रींचे बायोमेट्रिक लॉक करावे, म्हणजे त्यांचा अंगठा पुन्हा असा वापरता येणार नाही.