दंतवैद्याच्या दवाखान्यात रुग्णाशी कोणते शिष्टाचार पाळले जावेत?

तोंडात कापूस आणि लाळ ओढणारी नळी असताना रुग्णाला प्रश्न विचारू नयेत, कारण ‘अं, अं’ यापलीकडे त्याला काहीच बोलता येत नाही. त्याऐवजी, दुखल्यास डावा हात वर करावा, असे खुर्ची मागे झुकवण्यापूर्वीच त्याला सांगावे आणि हात वर होताच खरोखर थांबावे. (थांबण्याऐवजी ‘झालंच, झालंच’ म्हणणारे डॉक्टर आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असतील.) रूट कॅनालला साधारण किती खेपा लागतील व खर्च किती येईल, हेही आधीच स्पष्ट करावे.

मला सर्वांत खटकते ते मात्र स्वागतकक्षात, भर गर्दीत ‘मधुमेह आहे का? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का?’ असे मोठ्याने विचारणे. दात काढण्यापूर्वी ही माहिती आवश्यकच असते, परंतु ती कागदावर लिहून घेता येते.