चार वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात सारखी लुडबुड करते. तिला त्यातून काही शिकता येईल का?

हो, भरपूर, सुरुवात मटार सोलण्यापासून करा. शेंग उघडताना अंगठा आणि तर्जनीची जी चिमूट लागते, तीच पुढे पेन्सिल धरायला कामी येते, आणि दाणे मोजले की आकडे नुसते पाठ राहत नाहीत. भाताला एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी हे माप तिलाच घालू द्या. कणीक सैल झाली तर पीठ लावून सावरता येते, हेही ती बघते (सांडलवंड होणारच, खाली जुना पेपर अंथरा). बालवाडीत आम्ही चवळी-मूग एकत्र करून निवडायला देतो. वर्गीकरण वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र घरात आणखी लहान भावंड असेल तर सुटे दाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.