रेट्रो स्नीकर: रूप की आराम?

प्रश्न : मला नाइकीच्या १९८५च्या एअर जॉर्डन १ या बुटाचा रेट्रो (जुन्याच घडणीत नव्याने काढलेला) जोड आवडलाय. पण रोज ठाणे ते ऐरोली लोकलमध्ये उभं राहायचं, पुढे वीस मिनिटं चालायचं. पाय दुखतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दुखू शकतात. या बुटाचा तळ रबरी कपाच्या घडणीचा आहे, हवेची छोटी पिशवी फक्त टाचेखाली. चवड्याखाली गादी नावालाच. नाइकीच्याच त्याच वर्षीच्या डंक या बुटाच्या मूळ घडणीत टाचेखालची हवेची पिशवीही नाही. रोजच्या वापराला नाइकीचाच एअर फोर्स १ (१९८२) जास्त मऊ वाटेल, पण वजनाला जड.

मन जॉर्डनवरच असेल तर जरूर घ्या, फक्त मापाला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतो. नेहमीचे मोजे घालून उभं राहा, अंगठ्यापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. टाच उचलून चाला. चामड्याची घडी बोटांवर रुतली तर तो जोड नको. आतला तळवा निघत असेल तर काढून चार-पाच मिलिमीटरचा दाट फोमचा बसवा. जुन्यावरच नवा ठेवला तर टाच वर येते आणि घासते. पहिला आठवडा घरातच रोज अर्धा तास घाला.

याच मालिकेतले जॉर्डन ३ किंवा ४ घेणार असाल तर जुना, न वापरलेला जोड टाळाच! त्यांच्या तळातला पॉलियुरेथेन (एक प्रकारचा फोम) आपल्याकडच्या दमट हवेत खोक्यात पडूनही विरतो आणि चालताना भुगा होतो.