‘अमली पदार्थ’ म्हटलं की गावात काय समजतात?

प्रश्न आलाय गडचिरोलीकडच्या एका ताईंचा, व्यसनमुक्तीच्या कामात आहेत. फॉर्मवर छापलंय ‘अमली पदार्थांचे सेवन करता का?’ आणि जवळपास सगळेच ‘नाही जी’ म्हणून मोकळे होतात, तर ‘अमली’ऐवजी ‘मादक’ लिहू का?

मला विचाराल तर दोन्ही नको. ‘अमली’ हा शब्द आला अंमलवरून, मूळ अरबी, आपल्याकडे अर्थ ताबा, सत्ता. भांगेचा अंमल चढतो अन् पकडायला येतो तोही पोलीस अंमलदारच, आता काय बोलावं! शब्द झकास आहे पण बातम्यांनी त्याची पार वाट लावली, रोज ‘अमली पदार्थ जप्त’ वाचून माणसाला वाटते हे मुंबईचं, पावडरवाल्यांचं काम, आपण तं साधा तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. दारू तर त्याच्या हिशोबातच नाही.

बरं कायद्याचा शब्द घ्यावा तर १९८५ च्या कायद्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’, हे म्हणेपर्यंत समोरचा उठून जाईल. त्यात कोकेनही गुंगीकारकात धरलंय, ज्यानं झोप उडते! अन् गांजा म्हणजे फुलोरा, नुसती पानं नाही, म्हणून भांग या कायद्यातून सुटते. हा फरक कोर्टाला लागतो. समुपदेशनात लागते ते काय घेतो, किती, शेवटचं कधी. रोज भरपूर मोहाची पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हातपाय कापतात, झटके येऊ शकतात, नाही ते दिसते, जिवावरही बेतते, त्याला दवाखाना लागतो. गांजावाल्याची झोप जाते, चिडचिड होते. गर्दवाल्याचं, म्हणजे ब्राऊन शुगर घेणाऱ्याचं, अंग ठणकते, नाकडोळे गळतात, जुलाब लागतात. एका ‘अमली’त हे सगळं कसं कोंबणार?

म्हणून नाव घेऊन विचारा, अन् क्रियापदाकडे कान ठेवा. आपल्याकडे बिडी, गांजा, दारू सगळं ‘पितात’च. ‘थोडीशी पितो’ म्हणला तर बहुतेक दारू, ‘थोडासा’ म्हणला की गांजा, लिंगावरून समजते. ‘नशा करतो का’ नका विचारू, त्यात शिवी ऐकू येते. मेडिकलातली झोपेची गोळी, खोकल्याचं औषध वेगळं विचारा, ते कोणी नशेत धरतच नाही.

‘अमली’ का ‘अंमली’ हेही विचारलंय. छापील मजकुरात दोन्ही दिसतात, वर फॉर्मवरचाच ‘अमली’ ठेवलाय, एरवी मी अनुस्वार देतो, अंमल डोळ्यासमोर राहते.