दाढी, ब्लेड आणि खाऱ्या पाण्याचा फेस: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

ब्रश-साबणाच्या दाढीबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर भरपूर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, काहींनी तर रेझरचे फोटोच पाठवले. बहुतेकांनी विचारलं एकच, रेझर कोणता घेऊ. माझं म्हणणं असं की आपल्या भागात आधी पाणी बघायचं, मग साबण, मग ब्लेड, रेझर सगळ्यात शेवटी. म्हणून सुरुवात पाण्याच्या पत्रापासून.

भाऊ, आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्टा. बोअरच्या पाण्यानं दाढी करून राहिलो तर साबणाचा फेसच धरत नाही, जरासा येते आन् गालाले लावेपर्यंत बसून जाते. तीन-चार कंपन्या बदलून पाह्यल्या. आता कोणता साबण घेऊ?

साबण बदलू नका, पाणी बदला. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा सगळा पट्टा, अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला, तिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे. त्या पाण्यात मीठ तर असतंच, वरून कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं आणि साबणाचं त्यांच्याशी अजिबात जमत नाही. कॅल्शियम साबणातल्या फॅटी ॲसिडला धरून ठेवतं आणि त्याचा चिकट पांढरा साका होतो, न्हाणीतल्या बादलीला काठानं जो थर बसतो ना तोच हा. म्हणजे तुम्ही ब्रश घासून जो साबण उचलला त्यातला बराच फेस व्हायच्या आधीच वाया गेला, आणि जो उरला तो मिठामुळे नीट विरघळत नाही. साबण कितीही भारी आणा, हेच होणार.

पाणी उकळून घ्या असं कोणी सांगेल. उकळल्यानं काही प्रकारचा जडपणा कमी होतो, गंजाच्या म्हणजे पातेल्याच्या तळाला पांढरं बसतं ते त्याचंच, पण खारेपणा उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतो. सोपा मार्ग असा की फेसाला पाणी लागतंच किती, अर्धा कप! गावात आरओ प्लांट असेल तर प्यायच्या कॅनमधलं अर्धा ग्लास बाजूला काढा, कोमट करा, त्यातच ब्रश भिजवा आणि त्यातलंच थेंब थेंब वापरा. रेझर विसळायला बोअरचं चालतं. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी, पहिले एक-दोन पाऊस सोडून, एखाद्या बादलीत धरून ठेवलं तर फेसासाठी त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही.

मग फेस करायची पद्धत. भिजलेला ब्रश झटकायचा, ओला पाहिजे पण गळता नको, साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट तरी फिरवायचा, मग गालावर गोल गोल घोळायचा आणि मध्ये मध्ये ब्रशचं टोक पाण्याला लावत राह्यचं. घाई केली तर नुसते बुडबुडे होतात. घट्ट दह्यासारखा, चकाकी असलेला फेस झाला की थांबा. आणि तो लगेच काढू नका, दोन-तीन मिनिटं राहू द्या, कारण केस पाणी प्यायला की फुगतो आणि मऊ पडतो, कोरडा केस ब्लेडला चांगलाच जड जातो.

अंगाचा साबण मात्र दाढीला लावू नका. नारळाच्या तेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो हे खरं आहे, जुन्या काळी जहाजावरच्या खलाशांसाठी तसाच साबण बनवत, पण तो फेस मोठ्या बुडबुड्यांचा, पटकन बसणारा आणि कातडी कोरडी पाडणारा. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिड जास्त असतं आणि बहुतेकदा पोटॅशचा साबण मिसळलेला असतो, त्यानं फेस दाट होतो आणि टिकतो. वडी घ्या नाहीतर गोदरेज, पामोलिव्ह, ओल्ड स्पाइस यांच्यापैकी कोणाची ट्यूब घ्या, पाणी गोड असेल तर तिन्ही काम करतात. नवशिक्याला ट्यूब सोपी, वडी जास्त दिवस पुरते.

दादा, मी २३ वर्षांचा आहो, दारव्ह्याजवळच्या गावात राह्यतो. कार्ट्रिजवाला, म्हणजे पुढचं डोकंच बदलायचा, रेझर परवडून नाही राह्यला. लोखंडी रेझर घ्यायचा विचार हाये, तर कोणी म्हणते बटरफ्लाय घे, कोणी म्हणते तीन तुकड्याचा घे. आन् ब्लेड कोणतं टाकू?

तीन तुकड्यांचा घ्या. दांडी, खालची प्लेट आणि वरची टोपी, बस. बटरफ्लायची दारं उघडतात ते बघायला छान वाटतं पण आत फिरणारे भाग असतात, तिथं साबणाचा साका आणि क्षार जाऊन बसतात आणि आपल्याकडच्या पाण्यात हे लवकर होतं. तीन तुकड्यांचा सगळा मोकळा होतो, जुन्या टूथब्रशनं घासला की स्वच्छ.

दुसरं म्हणजे प्लेटची कड बघा. सरळ कड असेल तर ती कातडी ताणून धरते, रोज किंवा दिवसाआड दाढी करणाऱ्यानं तीच घ्यावी. दातेरी कड, म्हणजे कंगव्यासारखी, ती आठवड्यातून एकदाच बाजाराच्या दिवशी दाढी करणाऱ्यासाठी चांगली, वाढलेले केस दातांतून पुढं जातात आणि फेस अडून राहत नाही. ब्लेड कडेबाहेर जेवढं जास्त डोकावतं तेवढा रेझर आक्रमक, म्हणून दुकानदाराला सरळ सांगा, माइल्ड पाहिजे. स्वस्तातले रेझर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वरून क्रोमचा मुलामा. मुलामा एकदा निघाला की खारं पाणी आतला धातू खातं. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा महाग पडतो पण खारपाणातल्या माणसानं पैसे टाकायचेच तर तिथं टाकावे. पार्कर, पर्ल हे आपल्या देशातच बनतात, बाहेरचा मागवायची काही गरज नाही.

ब्लेडचं असं आहे की एकाला जे मखमली वाटतं ते दुसऱ्याचं गाल सोलतं. सगळ्यांची जाडी तीच, मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फरक धारेत आणि धारेवरच्या लेपात. तालुक्याला टोपाझ, लेझर, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन स्वोर्ड यांच्यापैकी दोन-तीन तरी मिळतातच, प्रत्येकाचं एकेक पाकीट घ्या आणि साबण, पाणी, रेझर तेच ठेवून फक्त ब्लेड बदलून बघा, सगळंच एकदम बदललं तर काही कळत नाही. जपानचं फेदर फार धारदार म्हणून नाव आहे, हात बसेपर्यंत त्याच्या नादी लागू नका. आठवडी बाजारात चादरीवर ठेवलेली सुटी ब्लेडं घेऊ नका, पाकीट बंद पाहिजे आणि आतलं प्रत्येक ब्लेड कागदात गुंडाळलेलं पाहिजे.

चार-पाच दाढ्यांनंतर, ओढायला लागलं की त्याच्याही आधी, ब्लेड बदला. धार टॉवेलनं पुसू नका, लेप जातो, नुसतं विसळून झटकून ठेवा. आणि हात हलका! कार्ट्रिजला दाबायची सवय असते, इथं रेझरचं वजनच पुरतं. दांडी गालापासून साधारण ३० अंशावर, छोटे छोटे हात, पहिली फेरी केसाच्या दिशेनं. पहिल्या महिन्यात उलटी फेरी मारायचीच नाही.

मानेवर बारीक पुटकुळ्या येते आन् जळजळ होते, कापसाच्या फवारणीचा घाम लागला तं सहनच होत नाही. काय लावू? (घाटंजी तालुका)

लावायच्या आधी थांबवायचं काय ते सांगतो. मानेवरचे केस सरळ खाली नसतात, आडवे-तिरपे असतात, बोट फिरवून दिशा बघा आणि त्याच दिशेनं एकच फेरी मारा, तुळतुळीत नाही झालं तरी चालेल. फार खोल कापलेला कुरळा केस वाढताना परत कातडीत शिरतो आणि त्याचीच ती पुटकुळी होते. नंतर गार पाणी, ओली तुरटी एकदा फिरवून धुऊन टाकायची, आणि थोडी कोरफड नाहीतर खोबरेल तेल. पिकून पू होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तुरटीनं ते जात नाही.

पण तुमच्या पत्रातला फवारणीचा शब्द वाचून मला जास्त काळजी वाटली. ब्लेड फिरलेल्या कातडीवर दिसत नाहीत असे ओरखडे असतात आणि औषध त्यातून सहज आत जातं. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते तुम्हाला मी सांगायला नको. फवारणीच्या दिवशी सकाळी दाढी करायची नाही, आदल्या दिवशीही नाही. फवारणी झाली, साबणानं आंघोळ झाली, मग दुसऱ्या दिवशी निवांत करा.

आजोबाच्या पेटीत जुना जिलेट रेझर सापडला, काळा पडला हाये. आताचं ब्लेड त्याले बसते का? (आर्वी)

दुधारी ब्लेडचा असेल तर बसतं, आणि वापराच, फडताळात ठेवू नका! किंग कॅम्प जिलेटला या रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं, आदल्या वर्षी म्हणजे १९०३ मध्ये कंपनीचे फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले गेले होते. सुरुवातीच्या ब्लेडला तीन गोल भोकं होती, १९३० च्या सुमारास मधली लांब फट आली, आणि आजच्या ब्लेडची फट अशी आहे की दोन्ही काळातल्या रेझरवर ते चढतं. प्लेटच्या खालच्या बाजूला एखादं अक्षर आणि आकडा दिसतो का बघा, १९५१ पासूनच्या अमेरिकन जिलेटवर अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे तिमाही, ‘ए’ असेल तर १९५५.

साफ करताना चिंच-राखुंडी लावू नका, मुलामा असेल तर तोही निघून जाईल. कोमट पाणी, भांड्याचा लिक्विड साबण आणि टूथब्रश, एवढंच. ब्लेड घट्ट केल्यावर दोन्ही बाजूंनी सारखं डोकावतं का ते उजेडात बघा, एका बाजूनं जास्त दिसलं तर प्लेट वाकलेली असू शकते, तो गालाला लावू नका.

गावात सलून एकच, तो ब्लेड बदलते का नाही काही कळत नाही. बोलाव तं वाईट वाटते. (वणी)

बोला, पण गोडीनं. खिशात स्वतःचं पाकीट ठेवा आणि बसल्याबरोबर द्या, “दादा, हे घ्या नवीन.” त्यांच्या उस्तऱ्यात अर्धं ब्लेड लागतं, तुमच्यासमोर मोडून लावतील, दोन-चार रुपयांचा प्रश्न आहे आणि कोणाचा अपमानही होत नाही. हिपॅटायटिस-बी चा विषाणू अंगाबाहेर वाळलेल्या रक्तात कमीत कमी सात दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून हे टाळू नका. आणि ब्लेडपेक्षा लोकांचं लक्ष जात नाही ते तुरटीकडं, तीच एक वडी सगळ्यांच्या कापलेल्या गालावर फिरते. तुरटीही घरची न्या.

मी माळकरी आहे. दाढीच्या साबणात चरबी असते का? ब्रशचे केस कशाचे? (शेगाव)

काकाजी, काहींमध्ये असते, खास करून बाहेर देशातून येणाऱ्या जुन्या पद्धतीच्या वड्यांत. पाकिटावर ‘टॅलो’ किंवा ‘टॅलोवेट’ लिहिलं असेल तर ती जनावराची चरबी, ‘पामेट’ म्हणजे पाम तेल. स्टिअरिक ॲसिड दोन्हीपासून बनतं, तेव्हा हिरवा ठिपका असलेलंच घ्या. ब्रश बोअर म्हणजे डुकराचा, बॅजर हाही प्राणीच. सिंथेटिक मागा, तो लवकर वाळतो आणि फेसही उत्तम करतो.

भाऊ, आमच्या घरचे माणसं जुने ब्लेड उकिरड्यात टाकतात. खत वावरात गेलं की निंदताना आमच्या बायांच्या हाताले लागते. काही सांगा त्याहिले. (नेर परसोपंत)

ताई, तुमचं पत्र या वेळच्या सगळ्या पत्रांत महत्त्वाचं, म्हणून घरच्या माणसांसाठीच लिहितो. उकिरड्यावरचं ब्लेड शेणखतातून वावरात जातं, गंजलं तरी लवकर संपत नाही, निंदणाऱ्या बाईच्या बोटात शिरतं, अनवाणी पोराच्या पायात शिरतं, आणि गाय-म्हैस चाऱ्याबरोबर गिळते. गुरं लोखंड जिभेनं ओळखून बाजूला काढत नाहीत, ते पोटात जाऊन रुततं आणि गुरांचा डॉक्टर येईपर्यंत जनावर हातचं जातं. रेझर घेतला त्याच दिवशी रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकण पक्कं बसवून टेपनं बंद करा, वर छिन्नीनं ब्लेड जाईल एवढी चीर पाडा आणि आरशाजवळ खिळ्याला टांगा. एका माणसाची कित्येक वर्षांची ब्लेडं त्यात मावतात. भरला की चिरेवरही टेप लावायची, डब्यावर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहायचं आणि भंगारवाल्याच्या हातात देताना तोंडानंही सांगायचं.