दोन्ही रोल ०.८ चेच, मग फिल्म वेगळी का?

रोलच्या फिनिशबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण हाच प्रश्न भोसरीत माझ्या टेबलासमोर बसून कितीतरी जणांनी विचारला आहे.

प्रश्न : आमची चाकणला सीपीपी (कास्ट पॉलिप्रॉपिलीन) फिल्मची लाइन आहे. चिल रोल, म्हणजे गरम फिल्म थंड करणारा रोल, मॅट फिनिशचा, आरए (खरखरीतपणाचा आकडा, मायक्रॉनमध्ये) ०.८. जुना झिजला म्हणून दुसऱ्या सप्लायरकडून नवा करून घेतला. दोन्ही रिपोर्टवर आरए ०.८ आहे. पण नव्या रोलवर फिल्म जास्त धुरकट येते, रोलवरून सुटताना चरचर आवाज करते आणि तीन आठवड्यांत फिल्मची चकाकी बदलली. सप्लायर म्हणतो, रिपोर्ट बघा. पुढच्या पी.ओ.वर (खरेदीच्या ऑर्डरवर) नेमकं काय लिहायचं? (एक वाचक, चाकण)

तुमचा सप्लायर खोटं बोलत नाही, हे आधी सांगते. त्याने मोजलं तेव्हा ०.८ च आलं असणार. तुम्ही मागितलं ते त्याने दिलं. तुम्हाला हवं होतं ते मात्र कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातली खोबरं किसायची किसणी हातात घ्या. पुढच्या बाजूला दात वर आलेले, मागच्या बाजूला त्याच जागी खळगे. पुढून बोट फिरवलं तर सोलून निघेल, मागून फिरवलं तर नुसते खड्डे लागतील. पत्रा तोच. आता समजा दोन्ही बाजूंचा आरए काढला, तर आकडा हुबेहूब एकच येईल. आरए म्हणजे मधल्या रेषेपासून पृष्ठभाग सरासरी किती लांब जातो, एवढंच. वर गेला की खाली, हे त्याला कळत नाही. ते सांगतो आरएसके. दात वर असतील तर तो शून्याच्या वर, खळगे असतील तर शून्याच्या खाली.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन्ही रोलचे सिलिकॉनचे ठसे मागवले आणि तुम्ही ते लगेच पाठवलेत, म्हणून नेमकं बोलता येतंय. जुन्या रोलचा ठसा तुम्ही कडेला, जिथे फिल्म लागत नाही तिथे घेतलात, हे फार चांगलं केलंत. मूळ फिनिश आता तेवढ्याच पट्ट्यात शिल्लक आहे. ठशात सगळं उलटं दिसतं, हे लक्षात ठेवून मी दोन्ही भिंगाखाली धरले. जुन्याच्या ठशात बुटके, गोलसर उंचवटे दिसले, म्हणजे रोलवर उथळ वाट्या आणि मध्ये सपाट जागा. नव्याच्या ठशात बारीक, खोल भोकं दिसली, म्हणजे रोलवर सुळके.

हे सुळके येतात कुठून? मॅट रोलवर आधी ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा मारा होतो, मग हार्ड क्रोमचं प्लेटिंग. प्लेटिंगच्या टाकीत करंट टोकांवर जास्त जमतो, त्यामुळे क्रोमही टोकांवर जास्त चढतं. ब्लास्टिंगने आलेलं टोक प्लेटिंगनंतर आणखी वर येतं, त्याच्या डोक्यावर बारीक गाठ धरते. चांगला कारागीर प्लेटिंगनंतर हलक्या हाताने पॉलिश मारून नेमक्या त्या गाठी उतरवतो आणि वाट्यांना धक्का लावत नाही. जुन्या सप्लायरकडे हे होत होतं. नव्याकडे ते राहिलं, कारण राहिलं तरी आकडा बसत होता.

तुमच्या तिन्ही तक्रारी इथूनच निघतात. डायच्या फटीतून येणारा वितळलेल्या प्लास्टिकचा गरम पडदा एअर नाइफ, म्हणजे हवेच्या झोताची पट्टी, रोलवर दाबते आणि तो तिथेच थिजतो. रोलवर जे असेल त्याचा ठसा फिल्मवर उठतो. सुळके फिल्ममध्ये रुततात म्हणून ती धुरकट दिसते आणि सुटताना चरचरते. शिवाय झिजायला सगळ्यात आधी सुळकेच झिजतात. वाट्यांचा रोल वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो, सुळक्यांचा रोल पहिल्या काही आठवड्यांतच बदलतो. चकाकी बदलली ती त्यामुळे.

आता कटऑफ. नव्या रोलचा ठसा मी ०.८ मिलिमीटर कटऑफवर मोजला तेव्हा आरए १.०४ आला. कटऑफ ०.२५ केला तर ०.८१. कटऑफ म्हणजे चाळणीचं भोक समजा. त्याहून लांब पसरलेले चढउतार मोजणीतून गाळले जातात, म्हणून कटऑफ लहान केला की आकडा लहान होतो. रफनेस मोजणीचं मानक आयएसओ ४२८८, त्याच्या तक्त्यात आरए ०.१ ते २ मायक्रॉनसाठी कटऑफ ०.८ आणि मोजणीची लांबी ४ मिलिमीटर दिली आहे. तुमच्या सप्लायरच्या रिपोर्टवर कटऑफची जागा रिकामी आहे. त्याने ०.२५ वर मोजलं असावं, असं माझं मत आहे.

पी.ओ.वर मी असं लिहीन : 'फिल्मच्या रुंदीत आरए ०.७ ते ०.९ मायक्रॉन, आरझेड जास्तीत जास्त ६ मायक्रॉन, आरएसके शून्याच्या खाली. मोजणी प्लेटिंग आणि शेवटच्या पॉलिशनंतर, रोलच्या लांबीच्या दिशेने. कटऑफ ०.८, लांबी ४ मिलिमीटर, सुईच्या टोकाची त्रिज्या ५ मायक्रॉन किंवा कमी. रुंदीत पाच जागा, प्रत्येक जागी घेरावर तीन. पंधराही रीडिंग रिपोर्टवर हवीत, एकही मर्यादेबाहेर नको.' आरझेड म्हणजे सगळ्यात उंच टोक आणि सगळ्यात खोल खाच यांतलं अंतर. सुई म्हणजे पृष्ठभागावर रेघ ओढून मोजणाऱ्या यंत्राची. तिचं टोक लिहायचं कारण असं की १० मायक्रॉनचं बोथट टोक अरुंद खाचेच्या तळाशी पोचतच नाही आणि पृष्ठभाग आहे त्यापेक्षा गुळगुळीत दाखवतं.

शेवटचं वाक्य गाळू नका. जुन्या आयएसओ ४२८८ मध्ये वेगळं काही लिहिलं नसेल, तर १६ टक्के रीडिंग मर्यादेबाहेर गेली तरी जॉब पास धरतात. २०२१ मध्ये आलेल्या आयएसओ २१९२० मालिकेने हे उलटवलं. आता काही लिहिलं नसेल तर एकही रीडिंग बाहेर चालत नाही. तुम्ही नवं मानक धरता आणि सप्लायर जुनं, अशा स्थितीत एकाच रोलवरून दोघं भांडू शकता आणि दोघंही बरोबर असू शकता.

आरए आणि आरझेडच्या गोंधळाने आमच्याच शॉपमध्ये झालेलं नुकसान मी विसरलेले नाही. १९९८ साल होतं, वडील शॉप बघत होते आणि मी इन्स्पेक्शनला नुकती लागले होते. एका गिऱ्हाइकाच्या जर्मन मशीनच्या ड्रॉइंगवर आरझेड ४ होतं. त्यांच्या ऑफिसात पी.ओ. टाइप करताना तेवढं 'रफनेस ४ मायक्रॉन' झालं आणि ड्रॉइंग सोबत आलंच नाही. आम्ही ते आरए धरलं. आरझेड हा साधारणपणे आरएच्या चार ते सातपट असतो, म्हणजे त्यांना हवा होता त्याच्या कितीतरी पट खरखरीत रोल आम्ही दिला. क्रोम उतरवलं, ग्राइंडिंग केलं, पुन्हा प्लेटिंग. ड्रॉइंग का मागितलं नाहीस, एवढंच वडील म्हणाले. त्या दिवसापासून ड्रॉइंग हातात आल्याशिवाय मी एकही जॉब मशीनवर चढू दिलेला नाही.

एक शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं. ज्या रोलवर तुमची फिल्म मनासारखी येते, त्याचा ठसा आजच घेऊन ठेवा. गनमधून दोन भागांचं सिलिकॉन सोडायचं, मोजणीसाठी मिळतं ते कडक जातीचं, काही मिनिटांत निघतं. डबीवर तारीख आणि रोलवरची जागा लिहा. पुढच्या सप्लायरला पी.ओ.सोबत एक ठसा द्या, एक स्वतःकडे ठेवा. ठशावर मोजाल तेव्हा आरए तोच येईल, पण आरएसकेचं चिन्ह उलटं येईल. किसणीची मागची बाजू.

प्रश्न : शीट लाइनसाठी मिरर फिनिश रोल करून घेतला. सप्लायरच्या कागदावर आरए ०.०२, आमच्या हातातल्या टेस्टरवर ०.०५. कोणाचं धरायचं? (एक वाचक, भोसरी)

आधी तुमचा टेस्टर काचेवर ठेवा. ऑप्टिकल फ्लॅटची, म्हणजे अगदी सपाट आणि गुळगुळीत घासलेली, चांगली काच मिळवा आणि रोलवर मोजता त्याच जागी, शेजारचा प्रेस आणि वरची क्रेन चालू असताना मोजा. काचेवरही ०.०३ दाखवत असेल, तर तेवढी हादऱ्याची आणि यंत्राची भर रोलच्या आकड्यात मिसळते आहे. टेस्टरसोबत येणारा नमुन्याचा तुकडा बहुधा ३ मायक्रॉनच्या आसपासचा असतो. त्यावर बरोबर आलं, म्हणजे ०.०२ वरही बरोबर येईल असं नाही. कटऑफही बघा. आरए ०.०२ ते ०.१ साठी तो ०.२५ हवा, ०.०२ आणि त्याखाली ०.०८. बरेच टेस्टर सुरू केल्यावर ०.८ वरच उभे असतात.

पण मिरर रोलचा निकाल आकड्यावर सोडू नका, असं मी आग्रहाने सांगेन. ६०० मिलिमीटर व्यासाच्या, दीड मीटर रुंदीच्या रोलचा पृष्ठभाग २.८ चौरस मीटर भरतो. सुई त्यावर सव्वा मिलिमीटरची रेघ ओढते. एखादा पिट (बारीक खड्डा) किंवा ओरखडा त्या रेघेत सापडण्याची शक्यता जवळपास नाही, आणि शीटवर तो प्रत्येक फेऱ्याला उमटणार. संत्र्याच्या सालीसारखी लहर तर आरएमध्ये दिसतच नाही, कारण ती कटऑफहून लांब असते आणि गाळली जाते.

त्यापेक्षा शेडमधले दिवे बंद करा आणि रोलच्या वर, लांबीला समांतर, एकच ट्यूबलाइट लावा. रोल हाताने सावकाश फिरवत प्रतिबिंबाची कड बघा. कड सरळ आणि धारदार राहिली तर रोल चांगला. कड थरथरली तर लहर आहे, कडेत बारीक तुटक दिसली तर तिथे पिट आहे, खडूने खूण करा. ही तपासणी पी.ओ.वर शब्दांत लिहा आणि सप्लायरकडे रोल क्रेटमध्ये जाण्याआधी स्वतः उभं राहून करा. सुई लावायचीच असेल तर शीटच्या रुंदीबाहेर लावा.

प्रश्न : ब्लोन फिल्मच्या स्लिटरचा (फिल्म उभी कापणाऱ्या यंत्राचा) वेग मिनिटाला १२० वरून २०० मीटर केला आणि फिल्मवर बारीक ओरखडे येऊ लागले. आयडलर (मोटरशिवाय, फिल्मच्या ओढीने फिरणारे रोलर) आम्ही मुद्दाम पॉलिश करून घेतले, तरी ओरखडे वाढलेच. (एक वाचक, तळेगाव)

पॉलिश केलेत म्हणूनच वाढले. फिल्म धावताना सोबत हवा ओढते आणि ती हवा रोलरवर अडकते. तिच्या थराची जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घातात वाढते, म्हणजे १२० चे २०० केल्यावर थर सुमारे ४० टक्के जाड झाला. १०० मिलिमीटरच्या रोलरवर हलक्या ताणाखाली तो सहज दहाएक मायक्रॉनचा होतो. रोलर खरखरीत असेल तर हवेला खाचांतून वाट मिळते. गुळगुळीत रोलरवर फिल्म तरंगते, रोलरचा वेग मागे पडतो आणि पुन्हा टेकते तिथे ओरखडा उठतो. हवेचा थर फिल्म आणि रोलरच्या मिळून रफनेसच्या तिप्पट झाला की पकड जवळपास गेली असं धरतात.

खात्री करायला हातातला टॅकोमीटर पुरेसा आहे. फिल्मचा आणि रोलरच्या पृष्ठभागाचा वेग घ्या. रोलर मागे असेल तर ताण थोडा वाढवून बघा, थर लगेच पातळ होतो. ताण वाढवणं फिल्मला झेपत नसेल, तर आठवड्याच्या सुट्टीला लाइन उभी राहील तेव्हा सगळ्यात जास्त मागे पडणारे दोन रोलर काढा आणि त्यांवर बारीक खाचा पाडून घ्या. खाचांच्या कडा मात्र मोडायला सांगा, नाहीतर त्याच फिल्मवर रेघा ओढतील. बेअरिंगही हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर आधी ते बदला, मग खाचांचा खर्च करा.